विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइडच, असं का नाही?

पावसाळ्यात ताप चार दिवस उतरला नाही की सांगली-मिरजेत घरोघरी एकच सल्ला मिळतो, 'विडाल (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) करून टाका.' रिपोर्टवर टीओ १:१६० (म्हणजे सीरम १६० पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह) दिसलं की माणूस घाबरतो. म्हणून आमच्या लॅबतर्फे थोडी माहिती.

विडालमध्ये आम्ही जंतू शोधत नाही. तुमच्या रक्तातलं सीरम स्लाइडवर घेतो, त्यात टायफॉइडच्या मारलेल्या जंतूंच्या रंगीत द्रावणाचा थेंब मिसळतो आणि स्लाइड हलवतो. जंतूच्या अंगावरच्या खुणा ओळखणाऱ्या अँटिबॉडीज (शरीराने जंतूंविरुद्ध बनवलेली प्रथिनं) रक्तात असतील तर मिनिटभरात रवाळ गुठळ्या दिसतात. १८९६ पासूनची ही पद्धत आहे. टीओ ही खूण जंतूच्या कवचावरच्या साखरेच्या साखळ्यांची, टीएच त्याच्या शेपटीसारख्या तंतूंची.

अडचण इथेच आहे. या खुणा जनुकांनुसार ठरतात, आणि साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडचा जंतू ज्या गटातला आहे त्या गटाच्या २,५०० हून जास्त प्रकारांत त्यातल्या कितीतरी सामाईक आहेत. टायफॉइडच्या जंतूत एक जनुक पॅराटोज नावाच्या साखरेचं टायव्हेलोज करतं. पॅराटायफॉइड ए या टायफॉइडसारख्याच तापाच्या जंतूमध्ये तेच जनुक बिघडलेलं असल्याने पॅराटोज तशीच राहते. फरक एवढाच, बाकी साखळी जवळपास सारखी. त्यामुळे एकाच्या अँटिबॉडीज दुसऱ्यालाही चिकटू शकतात. जुन्या आजाराच्या अँटिबॉडीजही रक्तात टिकून असतात.

काही साल्मोनेला तर डीएनएचा एक तुकडा उलटा फिरवून तंतूंचं प्रथिनच बदलतात, म्हणजे शरीराने एक रूप ओळखेपर्यंत दुसरं हजर! टायफॉइडचा जंतू वेगळी युक्ती करतो. तो 'व्हीआय' नावाचं आवरण पांघरतो आणि टीओची खूण त्याखाली झाकली जाते. टायफॉइडची हल्लीची कॉन्जुगेट (प्रथिनाशी जोडलेली) लस याच आवरणापासून बनते. पॅराटायफॉइड ए ला हे आवरण नसतं, म्हणून लस घेतलेल्यालाही पॅराटायफॉइड होऊ शकतो. मुलाला लस दिली असेल तरी लांबलेला ताप अंगावर काढू नका.

आमची कळकळीची विनंती आहे की डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल जरूर विचारा. त्यात जिवंत जंतू वाढवून बघतात आणि कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. रक्त पहिल्या आठवड्यात, शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. मोठ्यांचं ८ ते १० मिली रक्त लागतं, उपाशीपोटी यायची गरज नाही. घरी उरलेल्या गोळ्या आधीच घेतल्या असतील तर नाव लपवू नका, गोळ्यांची पट्टीच सोबत आणा.