हृदयतालविकारांवरील उपचार-संशोधन आणि खानदेश

हृदयतालविकार : हृदयाचे ठोके ठरलेल्या लयीत न पडता फार जलद, फार संथ किंवा आडवेतिडवे पडू लागणे. अहिराणी बोलणारा पेशंट हे ‘छातीमा धडधड व्हस’ असे सांगतो, नाहीतर नुसतेच ‘जीव घाबरस’. धडधड दहा मिनिटे टिकते, गावातून तालुक्याला पोचायला तास लागतो. तोवर ठोका ताळ्यावर आलेला असतो, ईसीजी साफ निघतो आणि अशक्तपणा म्हणून सलाईन लागते. या विकारांचे निदान अवघड होण्याचे पहिले कारण हेच.

निरोगी हृदयात ठोक्याची विद्युत ठिणगी उजव्या वरच्या कप्प्यातल्या एसए नोड या पेशीपुंजातून निघते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो १९०७ मध्ये दाखवला. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला दुवा, म्हणजे एव्ही नोड, त्याच्या आदल्या वर्षी जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांना सापडला होता. ठिणगी भलतीकडून उठली, वाटेत अडली किंवा गोल फिरत राहिली, की ताल बिघडतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, या विकारात वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. मनगटावर बोटे ठेवली तर दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक जोराचा, मग हलके तीन, असे लागतात. त्यात कसलाच हिशेब सापडत नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळते, त्यातली गुठळी मेंदूकडे गेली की अर्धांगवायू होतो.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला एएफचा रुग्ण सत्तरीचा, रक्तदाब असलेला असतो. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र वेगळा रुग्णही समोर येतो : तिशी-चाळिशीतली, मजुरी करणारी, लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेली बाई. त्या ऱ्हुमॅटिक तापाने तिच्या हृदयाची मायट्रल झडप आवळलेली असते, वरचा डावा कप्पा फुगलेला असतो आणि एके दिवशी ताल सुटतो. हा फरक आकड्यांतही दिसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत उत्तर अमेरिकेतल्या एएफ रुग्णांपैकी २.२ टक्क्यांना ऱ्हुमॅटिक हृदयविकार होता. भारतात हेच प्रमाण ३१.५ टक्के निघाले.

असे असूनही रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून झडप आवळलेले रुग्ण वगळलेले होते. नव्या गोळ्या सोयीच्या, त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. मग आपल्या बाईला त्या द्याव्यात की नाहीत? याचे पक्के उत्तर २०२२ मध्ये ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने दिले. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत ती झाली, त्यात भारतही होता. ४,५३१ रुग्णांचे सरासरी वय ५०.५ होते आणि सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या, म्हणजे प्रथमच चाचणीतला रुग्ण आपल्या रुग्णासारखा होता. निकाल अपेक्षेच्या उलटा लागला. रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीच्या गटात ५६० जणांना पक्षाघात, हृदयविकाराचा गंभीर प्रसंग किंवा मृत्यू यांपैकी काही घडले. जुन्या, वॉरफरीनच्या जातीच्या गोळ्यांच्या गटात ही संख्या ४४६ राहिली. जुनी स्वस्त गोळीच सरस ठरली. प्रस्तुत लेखकाच्या मते खानदेशासाठी या क्षेत्रातले गेल्या काही दशकांतले सर्वांत मोलाचे संशोधन हेच आहे.

पण जुन्या गोळीसोबत आयएनआरची तपासणी येते. रक्त किती पातळ झाले ते हा आकडा सांगतो आणि तो साधारण २ ते ३ च्या दरम्यान राहावा लागतो. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. धडगावच्या पाड्यावरच्या बाईला त्यासाठी घाट उतरून शहाद्याला किंवा नंदुरबारला यावे लागते, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली आणि वर गाडीभाडे. पिशवीतून घडी पडलेली वही निघते. तारीख, आकडा, आणि पुढे ‘सोम-बुध-शुक्र एक, बाकी दिवस अर्धी’ असे डॉक्टरांचे अक्षर. पावसाळ्यात ताटात पालेभाज्या आणि रानभाज्या वाढल्या की त्यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा असर घटतो. भाजी सोडायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते, पण हे समजावून सांगायला कुणाला तरी वेळ हवा. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेले की वहीतली पाने कोरी राहतात. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारे हातातले यंत्र अस्तित्वात आहे, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवे. त्याही आधीची पायरी म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन. ते वर्षानुवर्षे न चुकवता घेतले तर झडपेचे पुढचे नुकसान टळू शकते.

तालावरच्या औषधांचा इतिहास सातपुड्याच्या पायथ्याला ओळखीच्या असलेल्या एका औषधापासून सुरू होतो. हिवतापावरचे क्विनीन ते. डच वैद्य कारेल वेंकेबाख यांच्याकडे बेताल नाडीचा एक व्यापारी आला. यावर उपाय नाही असे ऐकल्यावर तो म्हणाला, उद्या सकाळी नियमित नाडी घेऊन येतो, आणि खरोखर आला. हिवतापाच्या मुलखात राहून त्याला क्विनीनचा हा गुण योगायोगाने कळला होता. वेंकेबाख यांनी हे १९१४ मध्ये लिहून ठेवले. वाल्टर फ्राय यांनी १९१८ मध्ये क्विनीनचेच भावंड असलेले क्विनिडीन अधिक गुणकारी असल्याचे दाखवले. पुढे अनेक दशके ते वापरात राहिले.

ठोका सुधारला म्हणजे माणूस वाचला, हा समज मोडायला १९८९ साल उजाडावे लागले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके दाबले तर मृत्यू घटतील, या भरवशावर एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड सर्रास दिली जात होती. ‘कास्ट’ चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, औषध नसलेल्या साखरेच्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुंदर दिसत होता आणि माणसे मरत होती. तेव्हापासून तालावरच्या कोणत्याही औषधाला ‘ईसीजीची पट्टी सुधारते का’ यापुढे जाऊन ‘आयुष्य वाढते का’ हा प्रश्न विचारला जातो. २००२ च्या ‘अफर्म’ चाचणीत एएफच्या रुग्णांचा ताल परत आणण्याने नुसता वेग आवरण्यापेक्षा जास्त आयुष्य लाभले नाही. २०२० च्या ‘ईस्ट’ चाचणीत मात्र विकार नवा असतानाच ताल सांभाळला तर फायदा होतो असे दिसले.

मांडीतल्या शिरेतून तार नेऊन बिघडलेली जागा जाळण्याची पद्धत, अब्लेशन, १९८० च्या दशकात रुळली. एएफची ठिणगी बहुधा फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असते, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवले आणि अब्लेशनला नवा पत्ता मिळाला. त्यासाठी खानदेशातले रुग्ण नाशिक, सुरत किंवा मुंबई गाठतात.

संथ ठोक्यावर औषध फारसे चालत नाही, तिथे पेसमेकर लागतो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना लावला गेला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन पुढे एकामागून एक यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगले. आपल्याकडे अडसर पैशाचा होता. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होते. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिचेच पुढचे रूप. दुसरी वाट संशोधकांनी शोधली : मृतांच्या शरीरातून काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून पुन्हा वापरणे. अमेरिकेतून आलेली अशी यंत्रे मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना बसवली गेली. एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही, असा अहवाल २०१२ मध्ये आला.

पेसमेकर बसवलेला शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो विहिरीवरच्या मोटारीचा. मोटार चालू-बंद करायला हरकत नाही, पण चालू मोटारीवर छाती टेकवून वाकू नये, हातभर अंतर ठेवावे. वेल्डिंगचे काम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

काही तालविकार शिवारातूनच येतात. कपाशीवर फवारणी करताना अंगात गेलेल्या ऑर्गनोफॉस्फेट विषाने ठोका मंदावतो, कधी घातक वेगाने धावतो. कुंपणाच्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बियांतले विष डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखेच वागते. मुलाने बी चघळली असेल तर घरगुती उपाय करत न बसता १०८ बोलवावी. यावरचे मोठे संशोधन श्रीलंकेत झाले. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांनी ताल पूर्ववत होतो हे तिथे २००० मध्ये सिद्ध झाले, पण ते औषध फार महाग आहे. विंचूदंशाने हृदयावर येणाऱ्या वादळाला प्राझोसिन या औषधाचा उतारा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात ग्रामीण दवाखान्यात काम करताना दाखवला. गावातला प्रश्न गावातच सोडवता येतो, याचे त्याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच असेल.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णाच्या अंगातले पाणी आणि पोटॅशियम तेव्हा झपाट्याने उतरू शकते आणि ताल बिघडतो. रावेर-यावलच्या केळ्यात पोटॅशियम भरपूर, मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम. म्हणून हृदयरुग्णाने केळी खावीत हा सल्ला गावोगाव मिळतो. किडनी अधू असेल किंवा पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तोच सल्ला अंगाशी येतो, कारण वाढलेले पोटॅशियमही ठोका थांबवू शकते.

तात्पुरता येऊन जाणारा ताल पकडण्यासाठी शेजारच्या गुजरातेत, आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत, आरोग्यसेवकांच्या हाती मोबाइलला जोडलेले ईसीजीचे छोटे यंत्र देऊन पाहणी झाली आहे. ते यंत्र गावात येईपर्यंत धडधडीच्या वेळी निघालेली एखादी पट्टी हाच पुरावा. नाशिकचा तज्ज्ञ पहिल्यांदा तीच मागतो. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. पत्र्याच्या घरातल्या पेटीत तो फिका पडतो, आणि जपायचा म्हणून लॅमिनेट केला तर गरम यंत्रातून पूर्ण काळा होऊन बाहेर येतो. पट्टी निघाल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवावा.