कूळ खरोखर जमीनदाराच्या मर्जीवर होते का?

मध्ययुगीन इंग्लंडमधील वेठबांधील कुळाला जमीनदार मनात येईल तेव्हा हुसकावून लावत असे, हा समज राजाच्या न्यायालयांतील कायद्यापुरता खरा असला, तरी गावातला व्यवहार निराळा होता. जहागिरीच्या न्यायसभेत गावकरीच पंच म्हणून बसत आणि वहिवाट सांगत. त्यामुळे ठरलेली वेठ, खंड आणि वारसाने कब्जा घेताना द्यायचा नजराणा भरला, की जमीन सहसा त्याच घराण्यात राहत असे. कूळ मेल्यावर त्याचे सर्वोत्तम जनावर जमीनदार नेई, हा जाच मात्र खराच. १३४८-४९ च्या प्लेगनंतर तर अनेक ठिकाणी कुळेच मिळेनाशी झाली. पुढे न्यायसभेच्या दप्तरातील नोंदीची नक्कल हाच हक्काचा पुरावा ठरला आणि हा धारणाप्रकार थेट १९२६ मध्ये संपुष्टात आला.