जुन्या गाड्यांचं बॉडीकाम (मराठवाडा)

जुन्या मोटारीचा गंजलेला, चेपलेला पत्रा दुरुस्त करून बॉडी मूळ रूपात आणायचं काम म्हणजे बॉडी रिस्टोरेशन. मराठवाड्यात याला सरळ डेंटिंग-पेंटिंगच म्हणतात, पण रोजच्या डेंटिंगपेक्षा हे काम फार वेगळं आहे, कारण इथं रंग चकाचक करण्यापेक्षा जुना पत्रा जास्तीत जास्त वाचवणं महत्त्वाचं. इकडे सापडणाऱ्या गाड्या बहुतेक अ‍ॅम्बेसेडर, फियाट-पद्मिनी आणि विलीज जीप.

मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे छप्पर, बॉनेट, दरवाजाचा वरचा भाग मुंबई-कोकणातल्या गाड्यांपेक्षा चांगला राहतो. खरा गंज खालून लागतो. काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आतल्या घडीत आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत जाऊन बसतो, पाणी निघायची भोकं बुजतात, ती माती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाल्ला जातो, वरून मात्र रंग शाबूत दिसतो. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीला वेगळी चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार उचलते, म्हणून ही पट्टी कुजली तर दरवाजे नीट लागत नाहीत. ती कापायच्या आधी आतून आडवे-तिरपे पाइप लावून बॉडी जखडावीच लागते.

तपासायला साधं चुंबक पुरतं. फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं, जिथं पकड सुटते तिथं खाली जाड पुट्टी (खड्डा भरायचा लेप) आहे असं समजायचं. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापेक्षा जाड झाली तर ती तडकते आणि ओल धरते. खड्डा पुट्टीने बुजवून रंग मारलेली गाडी दिसायला कितीही छान असली तरी ते काम झालेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा बसवतात, साधारण 20 गेज म्हणजे 0.9 मिलिमीटर. जालन्यात स्टीलचे एवढे कारखाने, पण तिथं मुख्यतः बांधकामाच्या सळया होतात, बॉडीला लागतो सीआर म्हणजे कोल्ड-रोल्ड पत्रा. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर अंगावर येतो. सलग वेल्डिंग मारलं तर पत्रा वाकडा होतो म्हणून लांब-लांब टाके मारत, मधे थंड होऊ देत सांधा भरायचा.

सगळ्यात कसबी काम ताणलेल्या पत्र्याचं. ठोकून ठोकून पत्रा पसरतो, मग अंगठ्याने दाबला की टकटक आत-बाहेर होतो, आणि आणखी ठोकलं तर आणखीच फुगतो. चांगला मिस्तरी तिथं रुपयाएवढा ठिपका गॅसने लाल करतो, खाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून कडेने हलकी हातोडी मारतो आणि लगेच ओलं फडकं दाबतो. पत्रा आक्रसतो, ताण निघून जातो. बघायला मिळालं तर जरूर बघावं, हातातलं ज्ञान म्हणतात ते हेच.

मग प्राइमर, त्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका हात, आणि लाकडी ठोकळ्याला लावलेला पाणी पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर). घासल्यावर काळं राहिलं तर तिथं खोल, आणि जिथून पत्रा चमकला तिथं उंच. जुन्या गाड्यांना ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग शोभतो, पण पावसाळ्यात तो मारला तर हवेतली ओल बसून पांढरट होतो, आणि एप्रिल-मेच्या चाळीसच्या पुढच्या उन्हात थेंब हवेतच सुकून खरबरीत बसतो, त्यामुळे इकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ आहे, पण त्याच्या हार्डनरमधलं (रंग कडक होण्यासाठी मिसळतात त्यातलं) आयसोसायनेट फुप्फुसाला घातक, तोंडाला नुसता रुमाल बांधून अजिबात मारू नये.

कायद्याचंही बघावं लागतं. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरतात, तिला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. अट अशी की चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणून कापलेल्या तुकड्यांचे आधीचे-नंतरचे फोटो ठेवावेत, आणि ग्राइंडर मारताना चॅसिस नंबरच्या जागेला हात लावू नये.