बिनतारी संभाषणातील लघुसंकेत

मोर्स लिपीत बिंदूला, म्हणजे छोट्या ध्वनीला, एक मात्रा वेळ लागतो, असे धरले तर रेषेला, म्हणजे लांब ध्वनीला, तीन मात्रा लागतात, एकाच अक्षरातील चिन्हांमध्ये एका मात्रेची, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रांची आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रांची शांतता राखावी लागते. या हिशेबाने 'व्हॉट इज युवर लोकेशन?' हा साधा इंग्रजी प्रश्न पाठवायला २०९ मात्रा खर्च होतात. तोच प्रश्न 'क्यूटीएच?' असा विचारला की ४७ मात्रांत काम भागते. एक मात्रा ६० मिलिसेकंदांची असेल, तर साडेबारा सेकंदांचे काम तीन सेकंदांच्या आत उरकते. खरखरीमध्ये अधूनमधून बुडणारा क्षीण संदेश कानाने टिपणाऱ्याला ही बचत किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

क्यू या अक्षराने सुरू होणारे हे संकेत ब्रिटनने १९०९च्या सुमारास जहाजे आणि किनाऱ्यावरील केंद्रांसाठी तयार केले आणि १९१२च्या लंडन परिषदेत त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यांची खरी ताकद मला त्यांच्या नेमकेपणात दिसते. 'नीट ऐकू येत नाही' एवढ्याने समोरच्याला काहीच उपाय सुचत नाही. पण दुसऱ्या केंद्रांचा व्यत्यय असेल तर क्यूआरएम, वातावरणातील विद्युत खरखर असेल तर क्यूआरएन आणि संदेशाची तीव्रता कमीजास्त होत असेल तर क्यूएसबी असे कळवले की कारण लगेच उमगते. व्यत्यय असल्यास वारंवारता बदलता येते, खरखर असल्यास वेग कमी करून शब्द पुन्हा पाठवता येतात. शिवाय भाषा न जुळणारे दोन ऑपरेटरही एकमेकांना समजून घेतात.

अमेरिकी पोलिसांच्या 'टेन' (दहा) या शब्दाने सुरू होणाऱ्या आकडी संकेतांचा उगम यंत्राच्या मर्यादेत आहे. १९३७मध्ये इलिनॉय राज्य पोलिसांचे चार्ल्स हॉपर यांनी ते रचायला घेतले, तेव्हा गाडीतील प्रक्षेपकाला वीज पुरवणारे फिरते यंत्र पूर्ण वेग घ्यायला क्षणभर वेळ घेई आणि बटण दाबताच उच्चारलेला पहिला शब्दांश हरवे. प्रत्येक संकेताच्या आरंभी 'टेन' ठेवल्यामुळे हरवले तर तेवढेच हरवे आणि अर्थ सांगणारा आकडा शाबूत पोहोचे. मात्र पुढे निरनिराळ्या विभागांनी त्याच आकड्यांना वेगवेगळे अर्थ दिले. परिणामी, अनेक यंत्रणांच्या संयुक्त मदतकार्यात साधी भाषाच वापरावी, अशी अट अमेरिकी केंद्र सरकारने २००६मध्ये आपल्या अनुदानांना जोडली.