नव्वदीपार गेला म्हणून प्रोसेसर जळत नाही

स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर मुद्दाम पूर्ण भार टाकून घेतलेल्या चाचणीत, तापमानाने नव्वदी ओलांडली की प्रोसेसर जळतो, ही समजूत नागपुरात दर मे महिन्यात नव्याने उगवते. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप चिप्सची मर्यादा १०० अंश असते. एएमडीच्या २०२२च्या रायझन ७००० मालिकेतल्या अनेक चिप्स तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालायलाच बनवल्यात. मर्यादा गाठली की चिप स्वतःच वेग उतरवते. तरी भागलं नाही, तर मशीन बंद होतं. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की प्रोसेसरचा आकडाही साधारण तेवढाच चढतो, तेव्हा जानेवारीशी तुलना नको. आणि कॅबिनेट उघडून समोर वाळ्याचा कूलर? तो दमट वारा माणसांसाठी! टेस्ट सुरू होताच १०० दिसले, तर मात्र हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट बसलाय का ते पाहा.