ऑर, बॉबी

ऑर, बॉबी : (२० मार्च १९४८ – ). कॅनडाचे व्यावसायिक आइस हॉकीपटू. पूर्ण नाव रॉबर्ट गॉर्डन ऑर. नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) १९६६ ते १९७६ या काळात बॉस्टन ब्रुइन्स आणि त्यानंतर अल्पकाळ शिकागो ब्लॅक हॉक्स या संघांकडून ते बचावपटू म्हणून खेळले. बचावपटू असूनही लीगमधील सर्वाधिक गुणांचे (गोल आणि सहकाऱ्याच्या गोलास केलेली साहाय्ये यांची बेरीज) आर्ट रॉस पारितोषिक त्यांनी दोनदा (१९७०, १९७५) मिळविले. असा मान अन्य कोणत्याही बचावपटूला लाभलेला नाही.

त्यांचा जन्म ऑन्टॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड या जॉर्जियन उपसागराकाठच्या गावी झाला. आजोबा उत्तर आयर्लंडमधील बॅलिमीना येथून कॅनडात आले होते. १९६१ मध्ये गॅनानॉक्वे येथील कुमार स्पर्धेत ब्रुइन्सचे पदाधिकारी दुसऱ्याच मुलांना पाहण्यासाठी आले असता त्यांची नजर ऑर यांच्यावर पडली. पुढील वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, पालकांच्या संमतीने त्यांनी ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारपत्रावर सही केली. या करारपत्रामुळे अल्पवयीन खेळाडूवरील व्यावसायिक हक्क एकाच संघाकडे कायमचे राखले जात आणि सौदा करण्यासाठी त्याच्याकडे दुसरा पर्यायच उरत नसे. लीगने १९६३ पासून हौशी खेळाडूंच्या निवडीची स्वतंत्र पद्धत सुरू केली आणि दशकाच्या अखेरीस ही जुनी प्रथा संपली. ऑर हे तिच्या शेवटच्या पिढीतील खेळाडू होत. ऑशवा जनरल्स या कनिष्ठ संघाकडून ते १९६२ ते १९६६ पर्यंत खेळले. पहिल्या हंगामात ते घरीच राहून शाळा शिकत आणि फक्त सामन्यांपुरते मोटारीने ऑशवाला नेले जात.

ब्रुइन्सबरोबरचा १९६६ चा पहिला व्यावसायिक करार हा खेळाच्या आर्थिक इतिहासातील वळणाचा टप्पा मानतात. ऑर यांच्या वतीने टोरांटोचे वकील ॲलन ईगलसन यांनी वाटाघाटी केल्या. तोवर संघाचे व्यवस्थापक खेळाडूच्या प्रतिनिधीशी बोलणेही कमीपणाचे समजत. कराराच्या नेमक्या रकमेबाबत वृत्तांतांत एकवाक्यता नाही, कारण काही जण वेतन आणि सहीचा बोनस एकत्र धरतात, तर काही वेगळे दाखवितात. मात्र नवोदित खेळाडूला तोपर्यंत मिळालेल्या रकमांत ती सर्वाधिक होती, याविषयी दुमत आढळत नाही. जून १९६७ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन होऊन ईगलसन तिचे पहिले कार्यकारी संचालक झाले. संघटनेचा उगम थेट ऑर यांच्या करारात शोधण्याकडे लोकप्रिय लेखनाचा कल आहे. तथापि दुय्यम लीगमधील स्प्रिंगफील्ड इंडियन्सच्या खेळाडूंनी १९६६-६७ च्या हंगामात मालक एडी शोर यांच्या जाचाविरुद्ध केलेला संपही तितकाच निर्णायक ठरला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हे शोर स्वतः ब्रुइन्सचे एके काळचे श्रेष्ठ बचावपटू होते आणि पुढे येणाऱ्या वादात त्यांचे नाव पुन्हा घ्यावे लागते.

ऑर १९ ऑक्टोबर १९६६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध आपला पहिला सामना खेळले. त्या हंगामात ब्रुइन्स तळाला राहिले, परंतु सर्वोत्कृष्ट नवोदिताचे कॅल्डर पारितोषिक ऑर यांना मिळाले. १९६७ मध्ये आघाडीपटू फिल एस्पोझिटो संघात आल्यानंतर चित्र पालटले. १९७० मध्ये ब्रुइन्सने २९ वर्षांनी लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅन्ली चषक जिंकला. १० मे १९७० रोजी सेंट लुईस ब्लूजविरुद्ध जादा वेळेच्या ४० व्या सेकंदाला डेरेक सँडरसन यांच्या पासवर ऑर यांनी निर्णायक गोल केला. त्या क्षणाचे, हवेत आडव्या झालेल्या ऑर यांचे, रे ल्युसिए यांनी टिपलेले छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. ती झेप गोलसाठी घेतलेली नव्हती. पक (खेळातील रबरी चकती) सेंट लुईसचे गोलरक्षक ग्लेन हॉल यांना चकवून जाळ्यात जात असताना त्याच संघाचे नोएल पिकार यांनी ऑर यांचा पाय काठीने उचलल्यामुळे ते हवेत फेकले गेले होते. १९७२ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धच्या अंतिम फेरीतही चषक निश्चित करणारा गोल त्यांचाच होता.

आक्रमक बचावपटूची कल्पना ऑर यांनीच प्रथम रूढ केली, असे विधान वारंवार आढळते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक बाजूस सात खेळाडू असत. त्यांत दोन बचावपटू शेजारी शेजारी न राहता एकामागे एक उभे राहत. मागच्याला ‘पॉइंट’ आणि पुढच्याला ‘कव्हर-पॉइंट’ म्हणत. कव्हर-पॉइंटने पक घेऊन पुढे जाण्याची उदाहरणे बरीच जुनी आहेत. लेस्टर पॅट्रिक यांनी १९०४ च्या सुमारास ब्रँडन संघाकडून खेळताना अशी चाल केल्याचे सांगितले जाते, तर ‘सायक्लोन’ टेलर यांनी काही वर्षांनी ऑटावाकडून त्याच जागी खेळून वेगवान धावांमुळे नाव कमावले. यांपैकी पहिला कोण, हे ठरविणे अवघड आहे, कारण तत्कालीन वृत्तपत्रे चालींचे वर्णन क्वचितच काटेकोरपणे करीत. शोर यांनी १९३३ ते १९३८ या काळात सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीचे हार्ट पारितोषिक चार वेळा मिळविले, तेही मुख्यतः अशाच मुसंडीच्या जोरावर. रेड केली हे उत्तम गोल करणारे बचावपटू होते, तर माँट्रियलचे डग हार्वी सात वेळा सर्वोत्कृष्ट बचावपटूसाठीच्या नॉरिस पारितोषिकाचे मानकरी ठरले आणि खेळाची लय हवी तशी मंद अथवा जलद करण्यात त्यांचा हातखंडा होता.

तेव्हा ऑर यांचे वैशिष्ट्य आरंभापेक्षा व्याप्तीत शोधावे लागते. पूर्वीच्या बचावपटूंची मुसंडी प्रासंगिक असे, ती फसल्यास मागची जागा मोकळी पडे आणि म्हणून प्रशिक्षक तिला आळा घालीत. ऑर यांचा वेग इतका होता की चाल फसली तरी प्रतिस्पर्धी आघाडीपटूच्या आधी ते स्वतःच्या गोलपाशी परतू शकत. डाव्या हाताने काठी चालविणारे असूनही ते उजव्या बाजूला बचाव करीत. त्यामुळे निळ्या रेषेवर (प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राच्या सीमेवर) पक हाती आल्यावर त्यांच्या काठीचे पाते रिंकच्या मध्याकडे राही आणि तेथून फटका मारण्यास किंवा पास देण्यास अधिक कोन मिळत. संघ एका खेळाडूने कमी असताना पक केवळ दूर टोलविण्याचा प्रघात होता. ऑर तो स्वतःजवळ ठेवून गोल गोल फिरत वेळ काढीत आणि संधी दिसताच आक्रमणही करीत. या सर्वांमुळे बचाव आणि आक्रमण यांतील श्रमविभागच पुसट झाला. त्यांची खरी कामगिरी हीच मानावी लागेल.

आकडे याला पुष्टी देतात. बचावपटूने एका हंगामात २० गोल करण्याचा फ्लॅश हॉलेट यांचा १९४४-४५ चा विक्रम ऑर यांनी १९६८-६९ मध्ये २१ गोल करून मोडला. १९६९-७० मध्ये त्यांनी १२० गुण मिळविले आणि हार्ट, नॉरिस, आर्ट रॉस व कॉन स्माइथ (बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठीचे) ही चारही पारितोषिके एकाच हंगामात पटकाविली. १९७०-७१ मध्ये ३७ गोल आणि १०२ साहाय्ये अशी १३९ गुणांची बेरीज झाली. बचावपटूंत ती आजही सर्वाधिक आहे. त्याच हंगामातील त्यांचे अधिक-उणे मूल्य +१२४ होते आणि लीगमध्ये कोणालाही ते ओलांडता आलेले नाही. हे मूल्य म्हणजे खेळाडू रिंकमध्ये असताना संघाने केलेल्या आणि संघावर झालेल्या गोलांतील फरक. त्यात पॉवर प्लेमधील, म्हणजे प्रतिस्पर्धी संघ शिक्षेमुळे कमी खेळाडूंनिशी खेळत असतानाचे, गोल धरत नाहीत. नॉरिस पारितोषिक त्यांनी १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षे राखले.

१९६७ मध्ये लीगमधील संघ सहावरून बारा झाल्याने स्पर्धेचा दर्जा उतरला आणि हे आकडे फुगले, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. त्यात तथ्यांश आहे, कारण ब्रुइन्सच्या इतर खेळाडूंचे आकडेही याच काळात वाढले. परंतु त्याच दुबळ्या संघांविरुद्ध इतर बचावपटूही खेळत होते. ऑर यांनी १९६९-७० पासून सलग सहा हंगामांत गुणांची शंभरी ओलांडली, तर दुसऱ्या बचावपटूला, डेनिस पॉटव्हिन यांना, ती १९७८-७९ मध्ये गाठता आली. हा फरक केवळ विस्ताराने स्पष्ट होत नाही.

ऑर यांची कारकीर्द गुडघ्यांनी, विशेषतः डाव्या गुडघ्याने, अकाली संपविली. पहिली गंभीर दुखापत त्यांच्या पहिल्याच हंगामात, डिसेंबर १९६६ मध्ये, टोरांटोचे मार्सेल प्रोनोव्हो यांच्याशी झालेल्या धडकेत झाली. त्यानंतरच्या शस्त्रक्रियांची संख्या निरनिराळी दिली जाते. बहुतेक वृत्तांत ती डझनाच्या आसपास किंवा त्याहून अधिक सांगतात. दुर्बिणीद्वारे केली जाणारी शस्त्रक्रिया त्या काळी रुळलेली नव्हती. सांधा उघडून फाटलेली कूर्चा काढून टाकणे हाच सर्वसाधारण उपाय होता. कूर्चा गेल्यावर हाडांवरचा ताण वाढून सांधा झिजत जाई. आज अशी कूर्चा शक्य तेथे शिवून वाचविली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे किती नुकसान झाले ते कळते. १९७२ च्या सोव्हिएट संघाविरुद्धच्या मालिकेत ते खेळू शकले नाहीत. १९७६ च्या कॅनडा चषकात मात्र त्यांनी सात सामन्यांत नऊ गुण मिळविले आणि अधू पायांनी खेळूनही ते स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले.

त्याच वर्षी ते शिकागोला गेले. बॉस्टनने त्यांना संघाच्या मालकीतील सुमारे साडेअठरा टक्के हिस्सा देऊ केला होता, पण ईगलसन यांनी तो प्रस्ताव आपल्याला कळविला नाही, असे ऑर यांचे म्हणणे आहे. शिकागोकडून ते एकूण २६ सामनेच खेळले आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाले. एकूण ६५७ सामन्यांत त्यांच्या नावावर २७० गोल आणि ६४५ साहाय्ये, म्हणजे ९१५ गुण आहेत. निवृत्तीनंतर आपण जवळजवळ निष्कांचन असल्याचे त्यांना आढळून आले. ईगलसन यांच्या गैरव्यवहारांचा माग मॅसॅचूसेट्समधील पत्रकार रस कॉनवे यांनी १९९० च्या दशकात काढला. १९९८ मध्ये ईगलसन यांनी फसवणुकीचे आरोप मान्य केले व त्यांना तुरुंगवास झाला. ईगलसन हॉकी हॉल ऑफ फेममध्ये (हॉकीतील श्रेष्ठांचा गौरव करणाऱ्या संस्थेत) राहणार असतील तर आपण बाहेर पडू, अशी भूमिका ऑर आणि इतर खेळाडूंनी घेतल्यावर त्यांना तेथून राजीनामा द्यावा लागला.

ऑर यांना १९७९ मध्ये, नेहमीची प्रतीक्षेची अट शिथिल करून, हॉल ऑफ फेममध्ये घेण्यात आले. त्या वेळी ते ३१ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला आणि ब्रुइन्सने त्यांचा चार क्रमांक कायमचा निवृत्त केला. पुढे त्यांनी खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून व्यवसाय केला.