चाळीस किलोपाशी अडलेला बार

ओव्हरहेड प्रेस, म्हणजे उभं राहून वजनाचा बार खांद्यापासून डोक्यावर ढकलायचा व्यायाम, करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो दिवस आठवतो. बार गळ्यापासून झटकन सुटतो, नाक ओलांडतो आणि कपाळापाशी येऊन थरथरत थांबतो. कोपरं सरळ होत नाहीत. मागच्या आठवड्यात हेच वजन पाच वेळा वर गेलेलं असतं. स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन उठाबशा, अजून वाढतोय, प्रेस मात्र अडलाय.

यात तुमच्या जिद्दीचा दोष नाही. या व्यायामाचा भार मुख्यतः खांद्याच्या पुढच्या स्नायूवर आणि दंडामागच्या ट्रायसेप्सवर पडतो. मांड्यांच्या मानाने हे स्नायू लहानच. त्यात वजन वाढवायची पायरी फार उंच. शंभर किलोच्या स्क्वॉटमध्ये अडीच किलो वाढवले तर वाढ अडीच टक्के होते. चाळीस किलोच्या प्रेसमध्ये तेच अडीच किलो सव्वासहा टक्के होतात. आणि जिममधली सगळ्यांत लहान प्लेट अडीच किलोची असेल, तर दोन्ही बाजूंची मिळून उडी पाच किलोंची, म्हणजे साडेबारा टक्क्यांची. इतकी वाढ खांद्याकडून दर आठवड्याला मागणं अन्यायच आहे.

अडल्यावर बहुतेक जण सेट वाढवतात. एकदा वजन उचलणं म्हणजे एक रेप, आणि न थांबता केलेल्या रेप्सचा एक सेट. मीही तेच केलं होतं. इथे थोडा हिशेब करू. चाळीस किलोचे पाच-पाच रेप्सचे तीन सेट म्हणजे एकूण सहाशे किलो. पाच सेट केले की हजार. काम दीडपटीहून जास्त वाढलं, पण त्याच प्रमाणात ताकद वाढत नाही. पहिल्या काही सेटचा फायदा सगळ्यांत मोठा असतो, पुढच्या प्रत्येक सेटचा कमी कमी होत जातो. थकवा मात्र साचतच राहतो. ताकद अंगात असते, पण थकव्याखाली दबलेली असते, म्हणून बारवर ती दिसत नाही.

सेट किती करायचे, हे कोडं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांचे स्नायू वजनं उचलायला लावून सावरत होते. 1945 साली त्यांनी आपली पद्धत मांडली, तेव्हा ते एका वेळी दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट करून घेत. पुढे अनुभव वाढला, तसा हा आकडा जास्त होतोय हे त्यांच्या लक्षात आलं. 1948 साली आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर लिहिताना त्यांनी तो तीन सेटवर आणला. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. स्वतःचाच आकडा असा खाली आणायला मोठं मन लागतं, मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

म्हणून प्रेस अडला की आधी पहिला सेट नीट बघा. वॉर्मअपलाच बार जड वाटतोय, झोप नीट होत नाहीये, बेंच प्रेसही (बाकावर आडवं होऊन छातीवरून बार ढकलणं) मंदावलाय? मग काम जास्त होतंय. पाचाचे तीन सेट करा, आठवडाभर वजन दहा टक्के उतरवा. बेंच प्रेसमध्येही हेच स्नायू राबतात, तेव्हा ते सेटही याच हिशेबात धरा. उलट, पहिला सेट ताजातवाना जातोय आणि तरी तीन-चार आठवडे आकडा हलत नाही, तर शरीराला काम कमी पडतंय. अशा वेळी एक जड सेट झाला की वजन पंधरा टक्के उतरवून आणखी दोन-तीन सेट करा. खांद्यात टोचल्यासारखं दुखत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

माझा अंदाज आधी चुकला होता. मी पाच सेट करत राहिलो आणि पाच आठवडे वहीत एकच आकडा लिहीत राहिलो. मग तीन सेटवर आलो. मनगटाला बांधायचे अर्ध्या किलोचे पट्टे जोडीजोडीने बारच्या दोन टोकांना गुंडाळत गेलो आणि पाच किलोंऐवजी एकेक किलो वाढवू लागलो. एकेचाळीस झाले, पुढच्या आठवड्यात बेचाळीस. त्रेचाळीसला पाचवा रेप पुन्हा कपाळापाशी रेंगाळला, पण या वेळी कोपरं सरळ झाली.